शेवटची दोन बोटे

ऑईल मोजायची पट्टी बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला थंड दुधावर साय धरावी तसा फिकट तपकिरी लगदा चिकटलेला होता. कणकुंबीहून घरी येताना वाटेत दोनदा रेडिएटरमध्ये पाणी घालावे लागले होते आणि बाहेर कुठेही गळती दिसत नव्हती, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. इंजिनात पाण्याचे आणि ऑईलचे मार्ग एकमेकांना खेटून गेलेले असले तरी ते कधी एकत्र यायचे नसतात. ते एकत्र आले की बेअरिंगला धड वंगण मिळत नाही, आणि मग हे इंजिन आणखी किती दिवस चालेल एवढाच प्रश्न उरतो. मी पट्टी फडक्याने पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. तोच लगदा होता.

आमची गाडी म्हणजे महिंद्राची एमएम ५४० जीप. आबांनी ती १९८९ साली घेतली, तेव्हा मी सातवीत होतो. तिच्यातले डिझेल इंजिन मुळात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे. महिंद्राने १९७९ मध्ये त्याचा परवाना घेतला आणि पुढे हजारो जीपगाड्या या इंजिनावर धावल्या. एक्सडीपी ४.९० हे त्याचे नाव. त्या आकड्यातच त्याची ओळख आहे : चार सिलिंडर, आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. पिस्टनची धाव ८३ मिलिमीटर आणि एकूण क्षमता २११२ सीसी. आजच्या गाड्यांपुढे त्याची ताकद फार नाही. परंतु चिखलात, खालच्या गियरमध्ये, चारही चाकांना जोर देऊन ते ज्या संथपणे गाडी वर काढते, तो संथपणाच आमच्या कामाचा आहे.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे, जांबोटीच्या पुढे ज्यांनी पावसाळा काढला आहे त्यांना फोर बाय फोर गाडी ही हौस वाटत नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि तिला मिळणारा प्रत्येक ओढा जून ते सप्टेंबर आपापला रस्ता अडवून बसतो. भीमगड अभयारण्यातल्या काही वाड्यांतून आजारी माणसाला डोलीत घालून, खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते. आमचे गाव तितके आत नाही, तरीही या जीपने भाताची पोती, खताच्या गोण्या, लग्नाची माणसे आणि अडलेल्या बाया अशा सगळ्यांना सारख्याच हालअपेष्टांतून खानापूरच्या दवाखान्यापर्यंत किंवा बेळगावपर्यंत नेले आहे. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती बंद पडली, तेव्हा आईने एवढेच विचारले, "पावसाच्या आत हुतंय काय रे?"

आधी हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, काढून उद्यमबागेत नेले. बेळगावची उद्यमबाग म्हणजे ओतकामाच्या भट्ट्या, लेथ, ग्राइंडर आणि क्रँकशाफ्टची कामे यांचे गाव. बाहेरच्या माणसाला बेळगाव कुंद्यासाठी आणि मराठा लाइट इन्फंट्रीसाठी माहीत असते, परंतु शहराच्या कितीतरी घरांची चूल या भट्ट्यांवर पेटते. तिथल्या कारागिराने हेडवर सरळ पट्टी ठेवली, खालून फीलर गेजची पाती सरकवून पाहिली आणि हेड वाकल्याचे सांगितले. यात नवल नव्हते. या इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि त्याखालचा, सिलिंडर ज्यात असतात तो ब्लॉक बिडाचा. दोन धातू तापल्यावर वेगवेगळ्या मापाने फुगतात, आणि गाडी एकदा जरी पाण्यावाचून तापली तरी आधी हेड वाकते. मात्र हेड तासून घेतल्यावर काम संपेल, हा माझा अंदाज त्याला पटला नाही. "ब्लॉक बी आणा," तो म्हणाला.

ब्लॉक नेला. त्याने वरचा सपाट भाग रॉकेलने स्वच्छ धुतला, कोरडा केला, त्यावर लाल रंगाचे पातळ द्रावण फवारले आणि आम्हाला चहा प्यायला पाठवले. परत आल्यावर त्याने रंग फडक्याने पूर्ण पुसून टाकला. मला तिथे पुसलेल्या करड्या धातूखेरीज काही दिसले नाही. मग त्याने वरून पांढऱ्या पुडीचा फवारा मारला. मिनिटभर काही झाले नाही. नंतर त्या पांढऱ्यावर, तिसऱ्या सिलिंडरपासून पाण्याच्या भोकापर्यंत, केसाइतकी बारीक लाल रेघ हळूहळू उमटत गेली, जणू कोणी आतून लिहीत होते. भेगेत शिरून बसलेला रंग वर येत होता. बीड वेल्ड करता येते, पण त्यासाठी आख्खा ब्लॉक तापवून, सावकाश निववून घ्यावा लागतो, आणि सिलिंडरच्या इतक्या जवळची वेल्डिंग घाटात टिकेलच असे त्याला वाटत नव्हते. घाटाच्या रस्त्यावर मलाही ती नको होती.

दुसरे इंजिन घालायचे ठरल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. महिंद्राच्याच नंतरच्या गाड्यांतले २५२३ सीसीचे डायरेक्ट इंजेक्शन इंजिन घाल, त्याला सुरू करण्याआधी हीटर प्लग तापवायची कटकट नाही, ओढही जास्त, असे चुलतभावाने आणि आणखी चौघांनी सांगितले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तसे इंजिन घातलेल्या आणि उत्तम चालणाऱ्या जीपगाड्या मी चंदगडच्या बाजूला पाहिल्या आहेत. तरीही मी जुन्याच जातीचे इंजिन शोधायचे ठरवले. एक तर वेगळे इंजिन म्हणजे वेगळी माउंटिंग, वेगळे पाईप, सायलेन्सरची नवी वाट, आणि एकेका जोडणीसाठी चासीवर केलेले वेल्डिंग. ही प्रत्येक जोडणी पुढे जंगलात मोडण्याची एक नवी जागा असते. दुसरे म्हणजे कागद. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि नवा क्रमांक आरसी बुकात चढवावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम ५२ गाडीतल्या अशा बदलांविषयीच आहे. त्याच जातीचे, त्याच इंधनावरचे इंजिन असेल तर हे काम सरळ होते. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागते, आणि तेव्हा पुस्तकातला आकडा आणि ब्लॉकवरचा आकडा जुळला नाही तर कोणतीही सबब चालत नाही.

इंजिन मिळाले ते शिनोळीच्या पलीकडे, मोडीत निघालेल्या एका एमएच ०९ जीपचे. पूर्वी ती वडापला, म्हणजे शेअर भाड्याने माणसे नेण्याला, चालत असे. विकणाऱ्याकडे तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद होता आणि ब्लॉकवरचा क्रमांक त्या कागदाशी अक्षरन् अक्षर जुळत होता. तो आधी पाहिला आणि मगच पाना हातात घेतला. हा क्रम कोणीही चुकवू नये. क्रमांक घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा नुसता अस्पष्ट असेल तर इंजिन कितीही चांगले असो, तिथून उठावे. त्यानंतर आम्ही क्रँकची पुली पान्याने हाताने फिरवून पाहिली, चारही सिलिंडर सारखा विरोध करतात का ते पाहिले, खालचा संप, म्हणजे ऑईलचे पात्र, उघडून एक बेअरिंग काढून बघितले. झीज होती, भेग नव्हती. गाडी महाराष्ट्राच्या नोंदणीची, तिचे काळीज कर्नाटकाच्या नोंदणीच्या गाडीत बसणार, अर्ज कन्नडमध्ये आणि त्याला जोडलेला कागद मराठीत : सीमेवर राहणाऱ्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही, फक्त झेरॉक्स जास्त काढाव्या लागतात.

हे सगळे गॅरेजमध्ये चार दिवसांत झाले असते. मी ते घरी करायचा हट्ट धरला, कारण ही गाडी मी पंचवीस वर्षे चालवत होतो आणि तिला फक्त आवाजावरून ओळखत होतो. जंगलात ती बंद पडली तर मदतीला दुसरे कोणी नसते. तिथे हातात घ्यायचा पाना माझाच, आणि कुठला बोल्ट कुठे पोचतो हे मला कळले पाहिजे. उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक मेस्त्री आमच्याच बाजूला राहतात. त्यांची मातृभाषा कन्नड, पण बेळगावची मराठी ते आमच्यापेक्षा झणझणीत बोलतात. "सांगतो मी, हात तुमचा," या अटीवर ते आले. माझ्या मते एखाद्या जाणत्या माणसाने दुसऱ्यावर करायचा याहून मोठा उपकार नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझा बेत मोडला. गोठ्याची ऐनाची तुळई चांगली वीतभर जाडीची आहे, तिला चेन पुली टांगून इंजिन उचलावे असे माझ्या मनात होते. मेस्त्रींनी वर पाहिले, कौले पाहिली, भिंतीत तुळई जिथे टेकते तिथली माती नखाने खरवडली आणि मान हलवली. कौलांचे ओझे वर्षानुवर्षे वाहणाऱ्या तुळईला मधोमध आणखी एक लोंबते, हलते वजन द्यायचे नाही. ती मोडेल म्हणून नव्हे, तर ती भिंतीतून सुटेल म्हणून. शेवटी बोअरवेलची मोटर काढणाऱ्यांची तिपाई आणि त्यांचीच एक टनाची चेन पुली दिवसाच्या भाड्याने आणली. तीन पायांखाली फळ्या, पाय पसरू नयेत म्हणून त्यांना खालून साखळी. जीपच्या बाबतीत एक सोय आहे, ती सांगायला हवी : पुढची जाळी बोल्ट सोडवून आख्खी निघते, रेडिएटर निघतो आणि इंजिन वर फार न उचलता समोरून बाहेर घेता येते. गियरबॉक्स आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी ट्रान्स्फर केस आम्ही गाडीतच ठेवले, गियरबॉक्सखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक दिला.

उघडताना पुतण्याने प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून तिच्यावर बॉलपेनने नाव लिहिले आणि बोल्ट ज्या भागाचे त्या भागाच्या नावाने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत ठेवले. या कामाला दीड दिवस लागला आणि त्यामुळे पुढचे आठ दिवस वाचले. आणलेले इंजिन पुरते उघडून उद्यमबागेत दिले. क्रँक दहा थाऊ, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, ग्राइंड झाला, बेअरिंगचा संच त्या मापाचा आला, पिस्टनच्या रिंगा नव्या, हेडही तासून आले. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकच्या मागचे ऑईल सील, पाण्याचे सगळे होज आणि माउंटिंगचे रबर यांपैकी काही जुने अजून चालले असते. तरी सगळे नवे घातले, कारण जी वस्तू काढायला पुन्हा इंजिन उतरवावे लागते तिच्यात वाचवलेले पैसे मागाहून दसपट जातात. हेडचे बोल्ट मेस्त्रींनी मला टॉर्क पान्याने तीन फेऱ्यांत आवळायला लावले, मधल्या बोल्टापासून सुरू करून बाहेरच्या कडांकडे गोल गोल जात, म्हणजे गॅसकेट मधून बाहेर सपाट होत जाते. त्याच रात्री वळीव कोसळला. कौलांतून गळणाऱ्या थेंबांखाली झाकलेल्या इंजिनावर आणखी एक ताडपत्री टाकायला आम्ही तिघे रात्री दोन वाजता उठलो होतो.

इंजिन परत बसवण्याचा दिवस मात्र मला तपशिलाने सांगायचा आहे.

साखळीचा एकेक दात करत इंजिन खाली येत होते. भाऊ साखळीवर, पुतण्या टॉर्च धरून, मी बोनेटच्या जागेत वाकून, आणि मेस्त्री गाडीखाली उताणे. त्यांचे हुकूम कन्नडमध्ये येत होते, कारण घाईत माणसाच्या तोंडी आपलीच भाषा येते, आणि आम्हा तिघांनाही त्यात काही अडचण नव्हती. "म्याल. म्याल. साक. केळग, सावकाश." म्हणजे वर, वर, पुरे, आता खाली. गियरबॉक्सच्या तोंडातून पुढे आलेला शाफ्ट क्लच प्लेटच्या मधल्या दातेरी भोकातून जाऊन क्रँकच्या टोकातल्या बुशात टेकायचा असतो. प्लेट बरोबर मध्यावर राहावी म्हणून गावच्या सुताराने शाफ्टाच्या मापाची लाकडी खुंटी करून दिली होती, ती घालून आम्ही प्रेशर प्लेट आधीच आवळली होती. इंजिन मागे सरकले, शाफ्ट आत शिरला, आणि बेल हाउसिंग, म्हणजे गियरबॉक्सचे घंटेसारखे तोंड, व ब्लॉक यांच्यामध्ये दोन बोटांची फट राहून सगळे जागच्या जागी थांबले.

आम्ही ढकलले. हलवले. पुन्हा थोडे मागे घेऊन पुन्हा ढकलले. दोन बोटे ती दोन बोटेच. दुपारचे दोन वाजले होते, ताडपत्रीखाली हवा भट्टीसारखी झाली होती, आणि माझ्या हातात बेल हाउसिंगचा लांब बोल्ट होता. तो फटीतून पलीकडच्या आट्यांपर्यंत पोचत होता. तसे चार बोल्ट लावून पान्याने आवळत गेलो तर फट मिटणार हे मला स्पष्ट दिसत होते. मी पहिला बोल्ट लावलाही. खालून मेस्त्रींना त्याचा आवाज कळला.

"सर, बोल्ट काढा. बोल्टानं वढलं तर जातंय की हो आत. पण प्लेट मरतीया."

ते बाहेर आले, हात पुसले, आणि पुतण्याच्या वहीचा पुठ्ठा मागून त्याची बोटभर पट्टी फाडली. ती त्यांनी फटीत वर घातली, खूण केली; खाली घातली, खूण केली. वरची फट खालच्यापेक्षा दोन-तीन दोऱ्यांनी जास्त होती. म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्स एका सरळ रेषेत नव्हते, शाफ्ट भोकात तिरका अडकून बसला होता. बोल्टांनी ओढले असते तर सगळा जोर क्लच प्लेटच्या पातळ पत्र्यावर आणि त्या छोट्या बुशावर आला असता. त्यांनी गियरबॉक्सखालचा जॅक अगदी किंचित उतरवायला सांगितला. पट्टी पुन्हा घातली. पुन्हा किंचित. वरची आणि खालची खूण एकावर एक आली तेव्हा ते म्हणाले की आता गियर टाका आणि समोरून क्रँक फिरवा. गाडी गियरमध्ये आणि चाके जमिनीवर असली की गियरबॉक्सचा शाफ्ट धरलेला राहतो. क्रँक फिरवला की प्लेट त्याच्याभोवती फिरते, आणि कुठल्या तरी एका क्षणी तिचे दात शाफ्टच्या खाचांसमोर येतातच. मी पुलीवर रिंग पाना लावून तसूतसू फिरवू लागलो. भाऊ इंजिनाला नुसता तळहात लावून उभा होता, रेटत नव्हता. आतून "टक्" असा अगदी लहान आवाज आला आणि एवढे मोठे धूड, कोणी हाक मारावी आणि माणसाने वळून यावे तसे, आपणहून मागे सरकून बसले. फट मिटली होती. मेस्त्री "साक" म्हणाले. बोल्ट त्यानंतर बोटांनी फिरवूनच शेवटपर्यंत गेले.

चाळीस दिवसांत मी बरेच काही शिकलो, पण मनात घर करून राहिला आहे तो हा पाऊण तास. वर्गात गणित शिकवताना मुलगा अडला की मी आवाज चढवत असे, तेच उदाहरण पुन्हा फळ्यावर जोरात लिहीत असे. हल्ली मी आधी पुठ्ठ्याची पट्टी घालून बघतो.

सुरू करण्याच्या दिवशी एक चूक घडली आणि ती माझी होती. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून ते आणि चासी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली वेणी लावावी लागते. सेल्फ ओढतो तो प्रचंड करंट बॅटरीकडे परत जातो तो तिच्यातून. ती वेणी डब्यातच राहिली होती. चावी फिरवली तर सेल्फ कण्हल्यासारखा करून थांबला, आणि दुसऱ्यांदा फिरवल्यावर इंजिन बंद करायच्या ओढतारेच्या आवरणातून धूर निघाला. वेणीची वाट बंद असल्यामुळे करंटने ती बारीक तार धरली होती. भावाने बॅटरीचे टर्मिनल उपटून काढले. तार जळाली, बाकी काही गेले नाही. ज्याने कोणी इंजिन उतरवले असेल त्याने सेल्फला हात लावण्यापूर्वी ही वेणी डोळ्यांनी पाहावी, बोटाने हलवून पाहावी.

नवी तार बसवायला दुसरा दिवस गेला. मग इंजिन बंद ठेवणारी तार ओढूनच सेल्फ मारला, ऑईलचा दाब चढेपर्यंत. नव्या बेअरिंगना कोरडे फिरू द्यायचे नसते. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंपाने डिझेल ओढले, फसफसणारे बुडबुडे संपून सलग धार आली तेव्हा तो आवळला. नोझलच्या नळ्यांचे नट ढिले करून तिथलीही एअर काढली. हीटरचे बटण धरून मी मनातल्या मनात तीस मोजले. पहिल्या झटक्यात दोन सिलिंडर लागले, मग तिसरे, आणि चौथे लागेपर्यंत अंगण पांढऱ्या धुराने भरून आई खोकत ओट्यावरून उठून आत गेली. मिनिटाभरात धूर विरळ झाला. आवाज जुन्या इंजिनासारखाच होता आणि तरी अगदी तसा नव्हता. थोडा घट्ट, थोडा तरुण. मेस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक ब्लॉकवर ठेवले, मूठ कानाला लावली आणि बेअरिंगच्या जागा एकेक करून ऐकल्या. आई पुन्हा बाहेर आली तेव्हा ते तिला म्हणाले, "वैनी, आता च्या ठेवा."

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्याने ब्लॉकवरच्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिलीने घासून ठसा घेतला आणि पंधरवड्याने आरसी बुकात नवा आकडा आला. ५०० किलोमीटर झाल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, हेडचे बोल्ट पुन्हा त्याच क्रमाने तपासले, टॅपेट जुळवले, ऑईल बदलले. पट्टीवरचे ऑईल आता स्वच्छ काळे असते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ओढा चढलेला असताना भाताच्या रोपांचे भारे घेऊन ती खालच्या गियरमध्ये पलीकडे गेली. गेज मधल्या खुणेच्या खालीच राहिले.

जुना ब्लॉक अजून फणसाखाली पडून आहे. त्यावरची लाल रेघ पावसाने धुऊन गेली असली तरी भेग कुठे आहे ते मला न बघता सांगता येईल. उद्यमबागेतला एक भट्टीवाला तो मोडीच्या भावाने घ्यायला तयार आहे. जुने बीड फोडून ते नव्या ओतात घालतात, त्यातून पंपाची किंवा आणखी कशाची तरी घडण होते. आईचे म्हणणे, दसऱ्याला त्याला एकदा हळदकुंकू लावावे आणि मग न्यावा. ट्रान्स्फर केसच्या मागच्या सीलमधून मात्र अजून थेंब पडतो. रोज सकाळी मी गाडीखालचा पत्र्याचा डबा ओढून किती साठले ते बघतो, आणि पाऊस उघडला की तेही काढायचे म्हणून मेस्त्रींना सांगून ठेवले आहे.